मागच्या चाकाची घरघर आणि झिजलेला अ‍ॅक्सल शाफ्ट

दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जुन्या जिपा आणि मागच्या चाकांवर चालणारी इतर वाहने अजूनही दिसतात. बांधाकडेच्या खाचखळग्यांतून क्रेट भरून निघायचे आणि नाशिकपर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर अंतर कापायचे, हे त्यांचे काम. अशा गाडीच्या मागच्या बाजूने घरघर येऊ लागली, तर ‘जुनी गाडी, आवाज करणारच’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. वास्तविक ती चाकाला फिरवणाऱ्या पोलादी दांड्याची, म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्टची पूर्वसूचना असू शकते.

बैलगाडीचा आस जागेवर स्थिर असतो. चाक त्याच्याभोवती फिरते. मोटारीचा शाफ्ट मात्र स्वतः फिरतो आणि बहुतेक हलक्या वाहनांत गाडीचे वजनही पेलतो. या रचनेला ‘सेमी-फ्लोटिंग’ म्हणतात. अवजड ट्रकमध्ये भार हौसिंगवर असतो, शाफ्ट केवळ चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. सेमी-फ्लोटिंग शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाक ड्रमसह निखळते. वणीच्या पुढे गडाच्या घाटात असे घडल्यास काय होईल, हे सांगायला नको.

फिरता शाफ्ट वजनाखाली प्रत्येक फेऱ्यात एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वाकतो. लाखो फेऱ्यांनंतर एखाद्या ओरखड्यातून सूक्ष्म तडा सुरू होतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले, त्यानंतर अभियंत्यांनी या प्रश्नाचा गांभीर्याने पाठपुरावा केला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर केलेले प्रयोग आजही आधारभूत मानले जातात.

निदानाची सुरुवात कानाने करावी. घरघर वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर गाडी एका अंगावर झुकताच बदलत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. अ‍ॅक्सिलेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा सूर लागत असेल, तर क्राउन-पिनियनवर. गिअर टाकताच ‘टक्’ असा ठोका बसल्यास आधी प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट पाहावा. त्यानंतर पुढच्या चाकांना उटी लावून, सपाट जागी मागची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावी आणि चाक वर-खाली धरून हलवावे. तेथे जाणवणारा ढिलेपणा बेअरिंगचा किंवा त्याच्या बैठकीचा असतो. चाक गोल फिरवताना जाणवणारी ढिलाई मात्र अनेक सांध्यांची मिळून असते. तिच्यावरून एकट्या शाफ्टला दोष देणे घाईचे ठरते. ड्रमच्या आत तेल दिसले, तर ऑइल सील गेले आहे आणि त्या बाजूचा ब्रेकही दुबळा झाला आहे, असे समजावे.

खरा निवाडा शाफ्ट बाहेर काढल्यावरच होतो. शेवटच्या टोकाच्या दात्यांच्या रेषा सरळ हव्यात. त्यांना पीळ पडलेला दिसला, तर शाफ्ट भंगारात द्यावा. लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावल्यास वाक कळतो. तडा शोधण्याची जुनी युक्ती सोपी आहे: शाफ्ट रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसावा आणि खडूची पूड लावावी. काही वेळाने तड्यातले रॉकेल पुडीवर रेघ उमटवते.

पैसे वाचवण्याचा मोह येथेच होतो. बेअरिंगची बैठक झिजली असेल, तर पंचाने ठिपके मारून ती घट्ट करायची किंवा वेल्डिंगने भरून लेथवर उतरवायची, ही अनेक गॅरेजमध्ये चालणारी पद्धत. दोन्ही घातकच. ठिपक्यांतून नवे तडे जन्मतात, तर वेल्डिंगच्या उष्णतेने कडक केलेल्या पोलादाचा गुणधर्म बदलतो. तोही नेमका तेथे, जेथे शाफ्टवर सर्वाधिक ताण येतो. येथे नवा शाफ्ट घेणे हाच उपाय. सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडली असेल, तर मात्र पातळ स्लीव्ह चढवून काम भागते.

बेअरिंग धरून ठेवणारी कडी काढताना गॅसची ज्योत शाफ्टला लावू नये. कडी ग्राइंडरने अर्धवट कापून छिन्नीने फोडावी. निमुळत्या टोकाच्या शाफ्टवर हबचा नट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळावा, फाटा पिन नवी घालावी आणि काही किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासावा. हौसिंगवरचा श्वासनळीसारखा छोटा ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. पावसाळ्यानंतर शेतातून आलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते, म्हणून ऑइल बदलताना ब्रीदर साफ करून घ्यावा.