वसईचा दुभाषी

वसई म्हटले की आपल्याला चिमाजीअप्पांची १७३९ची मोहीम आठवते. पण २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या या गावाचा एक मुलगा त्याआधी दीडशे वर्षे पॅसिफिकच्या बेटांवर ख्रिस्ती धर्मप्रसारक झाला होता, हे ख्रिस्ती समाजाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

त्याचा जन्म १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत जेझुइट पाद्र्यांपाशी तो शिकला आणि ऐन कुमारवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा आत्मसात करून धर्मशिक्षणाच्या कामात त्यांचा मदतनीस झाला. जेझुइट संघात रीतसर प्रवेश मिळावा, ही त्याची आस मात्र पुरी झाली नाही. हिंदी आणि मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घ्यायला त्या काळी मोठी नाखुशी होती, हे इथे ध्यानात ठेवावे लागते. मग तो व्यापारात शिरला आणि पुढे फिलिपिन्समधील मनिलाला पोचला. तिथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला ‘ब्रदर’ म्हणून स्वीकारले. ब्रदर हा व्रतस्थ असतो, पुरोहित नव्हे.

जन्माने अडवलेली वाट भाषेने मोकळी केली. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे धाडले. त्याचा दुभाषी होता गोन्सालो. राहण्याची परवानगी मिळाली. क्योतोत मठ आणि रुग्णसेवा सुरू झाली.

१५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरचा माल जप्त झाला. धर्मप्रसारकांच्या मागून स्पेनचे सैन्य येते, हा संशय बळावला आणि धरपकड झाली. कैद्यांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, बाकीचे बहुतेक जपानी. तिघे जेझुइटही होते: ज्या संघाचे दार गोन्सालोला उघडले नाही, त्याच संघाचे.

१८६२ साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. स्मरण होते ते त्याच्या मृत्यूचे. परंतु मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर स्टीफन्सचे भाषाप्रेम आपण कौतुकाने सांगतो, तर परमुलखाची भाषा आपलीशी करणाऱ्या या वसईकराचीही त्याच न्यायाने दखल घ्यायला हवी.