‘कापरेकर’ : एका आडनावाचा अर्थ व त्याचा इंग्रजीतील उपयोग

मावळातील सोमाटणे या गावचा मनुष्य अन्यत्र जाऊन राहिला म्हणजे लोक त्यास सोमाटणेकर म्हणू लागतात. देहूचा तो देहूकर, तळेगावचा तो तळेगावकर. ‘-कर’ या प्रत्ययाने ग्रामनामापासून रहिवाशाचे नाम सिद्ध होते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले की त्याचेच आडनाव होते. या नित्य परिचयाच्या प्रक्रियेतून निघालेले एक मराठी आडनाव इंग्रजी गणितग्रंथांत पारिभाषिक संज्ञा म्हणून रूढ झाले आहे. ते म्हणजे ‘कापरेकर’. त्याचा मूळ अर्थ कोणता, इंग्रजीत त्याचा उपयोग कसा होतो आणि मराठीत परत येताना त्याच्या रूपाचे काय होते, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. ‘सोमाटणे’पासून ‘सोमाटणेकर’ होताना किंवा ‘पुणे’पासून ‘पुणेकर’ होताना अंत्य एकार कायम राहतो. त्याच न्यायाने ‘कापरेकर’ हे आडनाव ‘कापरे’ अशा ग्रामनामाकडे निर्देश करते. असे आडनाव एकदा स्थिर झाले की पुढील स्थलांतराने ते बदलत नाही. गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. तथापि ते डहाणूकर झाले नाहीत वा देवळालीकरही झाले नाहीत. आडनाव वर्तमान निवासाचे नव्हे, तर पूर्वजांच्या मूळ स्थानाचे स्मरण ठेवते.

हा विशेष केवळ मराठीचा नाही. न्यूटन हे आडनावही मूळचे ग्रामनामच होय. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘नवी वस्ती’, म्हणजे आपल्याकडील ‘नवेगाव’. भेद इतकाच की, इंग्रजीत ग्रामनाम प्रत्ययावाचून आडनाव होते व मराठीत बहुधा ‘-कर’ लागतो. पुढे न्यूटन या नावापासून इंग्रजीत विशेषण झाले आणि १९४८ साली बल मोजण्याच्या एककास ‘न्यूटन’ हे नाव मिळून ते सामान्यनामही झाले. आज ‘दहा न्यूटन’ म्हणताना कोणासही गावाची आठवण होत नाही.

‘कापरेकर’ या नावाचा प्रवास याच दिशेने झाला आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी व आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुनः करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. नंतर ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. नंतर ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. येथून पुढे उत्तर बदलत नाही. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ही संख्या येतेच. तीच ‘कापरेकर्स कॉन्स्टंट’ होय. तसेच ४५ चा वर्ग २०२५, व २० अधिक २५ म्हणजे पुनः ४५. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग करून त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी येते तिला ‘कापरेकर नंबर’ म्हणतात.

या दोन प्रयोगांत व्याकरणदृष्ट्या अंतर आहे. पहिल्यात षष्ठी असल्याने शोधक व्यक्ती जाणवते. दुसऱ्यात आडनाव केवळ विशेषणस्थानी आहे. ‘४५ ही कापरेकर संख्या आहे’ या वाक्यात ‘कापरेकर’ म्हणजे मनुष्य नसून संख्येचा एक गुणधर्म आहे. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शाळाशिक्षकाच्या कार्यास अनेक भारतीय गणितज्ञांनी दीर्घकाळ क्षुल्लक मानले होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्या कार्याविषयी लिहिल्यावर हे नाव जगभर पोहोचले. त्या नावास मिळालेले हे विशेषणस्थान कोणत्याही पदवीहून कमी मोलाचे नाही.

आता परतीच्या प्रवासाविषयी. रोमन लिपीत या नावाची आठ अक्षरे होतात. त्यांतील दोन्ही स्वरचिन्हे एकच असली, तरी ‘का’तील स्वर दीर्घ व ‘कर’मधील ऱ्हस्व आहे, हे लिपीवरून कळत नाही. शिवाय मराठी उच्चारात ‘प’मधील अकार लोपतो, रोमन लेखन त्या उच्चाराचे अनुसरण करते. त्यामुळे इंग्रजीवरून देवनागरीत लिहिणारे ‘काप्रेकर’, क्वचित ‘कप्रेकर’ही लिहितात. पहिले रूप उच्चारास जवळचे असले, तरी त्यात ‘कापरे’ हे पद दृष्टीआड होते. दुसऱ्यात तर स्वरही बिघडतो. मराठीत ‘सोमाटणेकर’ आपण ‘सोमाट्णेकर’ असे लिहीत नाही. तोच नियम येथे पाळून ‘कापरेकर संख्या’ व ‘कापरेकर स्थिरांक’ ही रूपे पाठ्यपुस्तकांत योजणे इष्ट होय.

स्वतः कापरेकरांनी आपल्या काही शोधांना स्थलनामे दिली होती. १२१, १२३२१ यांसारख्या संख्यांच्या एका वर्गास मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील रेल्वेस्थानकावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले आणि दुसऱ्या एका वर्गास ‘देवळाली संख्या’. जगाने मात्र त्यांचेच आडनाव संख्यांना दिले आणि त्या आडनावाच्या पोटात एक गाव पूर्वीपासूनच होते. शुद्ध लेखनाने ते गाव शाबूत राहते, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य.