नोंदवहींतील नांवें आणि संगणकाची यादी

हिशेबांत माल कमी भरला कीं आपण बहुधा काट्यास दोष देतों. परंतु पुष्कळ वेळां चूक काट्यावर नसून नांवाच्या लेखनांत असते. ती कशी होते व कशी टाळावी, हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

लातूर हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्यांत दहा तालुके आहेत. पैकीं लातूर, चाकूर, अहमदपूर, रेणापूर व शिरूर अनंतपाळ या पांच नांवांत दीर्घ ऊकार येतो. घाईंतला लेखनिक तो कधीं दीर्घ, तर कधीं ह्रस्व लिहितो. वाचणारास त्यानें कांहीं अडत नाहीं. पण संगणकावरील एक्सेल 'अहमदपूर' व 'अहमदपुर' हीं दोन निराळीं नांवें समजतें. नांवाच्या शेवटीं एक रिकामी जागा पडली तरी तोच प्रकार.

समजा, एका सभासदानें खरेदी केंद्रावर दोन खेपांत ७ व ५ क्विंटल तूर घातली. दुसऱ्या खेपेस तालुक्याचा ऊकार ह्रस्व पडला. आतां 'अहमदपूर' या नांवाची बेरीज मागितली तर ५ क्विंटल तींत येणारच नाहींत. नोंद आहे, पावती आहे, पण बेरजेंत माल नाहीं. आणि चुकारा बेरजेवरून निघाला तर नुकसान कोणाचें, हें सांगणें नलगे.

उपाय एकच : लेखनिकानें नांव लिहूं नये, तयार यादींतून निवडावें. नोंदी थोड्या असल्यास एक्सेलमधील डेटा व्हॅलिडेशनची सोय पुरते; तीस मॅक्रो लागत नाहीं. परंतु सभासद शेंकडों असून तालुका निवडतांच त्याच तालुक्यांतील गांवें दिसावीं असें वाटत असेल, तर फॉर्म व मॅक्रो सोयीचा पडतो. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदां लिहून दिलेल्या व हवें तेव्हां पाळल्या जाणाऱ्या आज्ञा होत.

प्रथम याद्यांकरितां एक वेगळें पत्रक राखावें. पहिल्या ओळींत मथळे, व खालीं एका रकान्यांत तालुका आणि शेजारीं गांव. हीं नांवें मॅक्रोच्या आज्ञांतच लिहूं नयेत. कारण मॅक्रो लिहिण्याच्या खिडकींत देवनागरी अक्षरें टिकत नाहींत, त्यांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात. पत्रकांतून वाचलेलें मराठी नांव मात्र फॉर्मवर नीट दिसतें. याच कारणास्तव त्या पत्रकाचें नांव इंग्रजी अक्षरांत ठेवावें, म्हणजे आज्ञेंत तें लिहितां येतें.

फॉर्म उघडतांच मॅक्रोनें पत्रकाच्या तळापासून वर येत शेवटची भरलेली ओळ शोधावी. मग दुसऱ्या ओळीपासून तेथवर एकेक नांव वाचून यादींत घालावें. तालुका अनेक ओळींत येतो, म्हणून एकदां घातलेला पुन्हां घालूं नये. यामुळें उद्यां पत्रकांत नवें गांव लिहिलें तर आज्ञा न बदलतां तें यादींत येतें. पत्रकाचा ठराविक भागच यादीस जोडून ठेवल्यास खालीं वाढलेलीं नांवें सुटतात, व त्या यादींत मॅक्रोनें नवें नांव घालूं जातां एक्सेल चूक दाखवून थांबतें. म्हणून दोहोंपैकीं एकच रीत धरावी.

तालुका निवडल्यावर गांवांची यादी आधीं रिकामी करावी, मग भरावी; एरव्हीं मागच्या तालुक्यांतील गांवें तशींच राहतात. यादीस हातानें लिहिण्याची मुभा ठेवूं नये, केवळ निवडण्याची ठेवावी; नाहींतर सर्व खटाटोप व्यर्थ होय. शेवटीं फाईल मॅक्रोसहित, म्हणजे एक्सएलएसएम या प्रकारांत, जतन करावी. साध्या एक्सएलएसएक्स प्रकारांत मॅक्रो राहत नाहीं.

आणखी एक इशारा. मॅक्रोच्या मिषानें अपायकारक आज्ञाही येतात, म्हणून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें मूळांतच अडविण्याची तजवीज केली आहे. अनोळखी फाईलचा मॅक्रो चालूं करूं नये.

मात्र यादी नांव शुद्ध ठेवते, मनुष्य ओळखत नाहीं. एका गांवांत एकाच नांवाचे दोन सभासद असणें नवल नव्हे. म्हणून सभासदांच्या यादींत नांवाशेजारीं सभासद क्रमांकाचा रकाना अवश्य असावा, व बेरीज क्रमांकावरूनच करावी. आमच्या वाचकांनींही काट्याकडे पाहतों तितक्याच बारकाईनें, पावती घेण्यापूर्वीं पडद्यावरील आपला क्रमांक व गांव पाहून घ्यावें. त्यास क्षणभरच लागतो, पण पुढील अनेक हेलपाटे वांचतात.