पाचगणीचा मुलगा आणि चौघांचा बँड

दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. धम धम, टाळी! हॉस्टेलच्या क्रिकेट फायनलला हा ठेका आपण सगळ्यांनी वाजवला आहे. मेसमध्ये भाजी यायला उशीर झाला की हाच ठेका ताटावर वाजतो. पण हा कुणी बनवला असं माझ्या रूमवर विचारलं तर उत्तर आलं, "कुठल्यातरी जाहिरातीतला असेल." म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाला आहे. शुद्धलेखनाच्या अर्ध्या चुका संपादकांनी काढल्यात, राहिलेल्या माझ्या!)

तर मित्रांनो, हा ठेका 'क्वीन' नावाच्या ब्रिटिश रॉक बँडचा. गाण्याचं नाव 'वुई विल रॉक यू', साल १९७७. आणि या बँडचा गायक शिकला कुठे, तर आपल्या पाचगणीत! वाईहून पसरणीचा घाट चढला की लागते तीच पाचगणी.

त्याचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील गुजरातचे पारशी, वडील तिकडे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठ वर्षांचा असताना त्याला बोटीनं भारतात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या हॉस्टेलमध्ये ठेवलं. आपण अठराव्या वर्षी आलो तरी पहिल्या आठवड्यात मोबाईल शोधत फिरतो. हा आठव्या वर्षी समुद्र ओलांडून आला होता. तिथे तो पियानो शिकला, तिथेच त्याला 'फ्रेडी' हे नाव पडलं, आणि १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. फ्रेडी त्यात पियानो वाजवायचा.

शिक्षण संपवून तो झांझिबारला परतला. १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब हातात येईल ते सामान घेऊन इंग्लंडला गेलं. फ्रेडीनं ईलिंग आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाईन केलं. पुढे क्वीनचं बोधचिन्ह त्यानंच काढलं. आडनाव बदलून 'मर्क्युरी' केलं तेही त्यानंच.

आता बाकीचे तिघे. इथे आपल्या कॉलेजनं कान टवकारावेत, कारण तिघेही सायन्सवाले.

गिटारवाला ब्रायन मे लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात फिजिक्स शिकला. दुकानातली गिटार परवडत नव्हती म्हणून १९६३ मध्ये त्यानं आणि वडिलांनी घरीच बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनमधल्या, खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! दोन वर्षं लागली. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला आहे.

बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तोही फर्स्ट क्लास. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडला. त्यानं तो एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि छोटा अँप्लिफायर तयार केला. त्याला एकही बटण नाही. 'गुड कंपनी' या गाण्यात अख्खा जॅझ बँड वाजतोय असं वाटतं. तो ब्रायनची गिटार आणि हा खोका. ड्रमर रॉजर टेलर आधी दातांच्या डॉक्टरकीला होता, मग बायोलॉजीला गेला.

ब्रायन आणि रॉजर १९६८ पासून 'स्माईल' नावाच्या बँडमध्ये वाजवत होते. त्यांचा गायक १९७० मध्ये सोडून गेला, फ्रेडी आला आणि बँडचं नाव 'क्वीन' झालं. बासवाले एकामागून एक आले नि गेले. १९७१ मध्ये जॉन आला आणि टिकला. पहिला अल्बम १९७३ चा. तो रेकॉर्ड झाला कसा, तर स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा, म्हणजे बहुतेक रात्री. ब्रायननं अर्धवट पीएचडी सोडली तेव्हा वडील फार नाराज झाले. (ज्यांनी गिटार बनवून दिली तेच!)

१९७४ मध्ये 'किलर क्वीन' इंग्लंडात दुसऱ्या नंबरवर गेलं, पण खिसे रिकामेच होते. करार अडचणीचा होता आणि त्यातून ते १९७५ मध्ये सुटले. त्याच वर्षी आलं 'बोहेमियन रॅप्सडी'. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण लावणार, असं सगळे म्हणत होते. ते नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्यातला तो शेकडो माणसांचा कोरस म्हणजे फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघेच. टेपवर चोवीस ट्रॅक मिळायचे. ते भरले की सगळे एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. असं इतक्या वेळा केलं की टेपवरचा लेप झिजून ती आरपार दिसायला लागली.

आणि आपला तो धम-धम-टाळी? त्यात ड्रम नाहीच. फळ्यांवर पाय आपटून रेकॉर्ड केलं आणि वर अनेक उशिरा येणारे आवाज चढवले. गर्दीत लांबच्या माणसाचा आवाज उशिरा पोचतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगानं. ब्रायननं हे अंतराचे फरक मूळ संख्यांच्या प्रमाणात घेतले. त्यामुळे आवाज ठरावीक अंतरानं एकमेकांवर पडत नाहीत, घुमल्यासारखं न वाटता हजारो लोक आहेत असं वाटतं. एम-वनचा तास फुकट जात नाही म्हणायचा!

आता मला खरं सांगायचं ते. या बँडमध्ये चौघेही गाणी लिहायचे आणि ज्याचं गाणं त्याचं नाव, त्यालाच गीतकाराचे पैसे. यावरून भांडणं व्हायची. रेकॉर्डच्या एका बाजूला फ्रेडीचं 'बोहेमियन रॅप्सडी', मागच्या बाजूला रॉजरचं एक गाणं. रेकॉर्ड एकच, म्हणून विक्रीचे पैसे रॉजरलाही फ्रेडीइतकेच! उलट, सगळ्यांत कमी बोलणाऱ्या जॉनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. म्हणजे कोण 'मेन' आणि कोण 'साईड' हे शेवटपर्यंत ठरलंच नाही.

चुकाही केल्या. १९८२ चा 'हॉट स्पेस' अल्बम चाहत्यांना रुचला नाही. १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या छायेतल्या सन सिटीत त्यांनी कार्यक्रम केले आणि त्यावर जबर टीका झाली. ती योग्यच होती असं मला वाटतं. बँड फुटणार असं लोक बोलायला लागले होते. मग १३ जुलै १९८५ ला दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी 'लाइव्ह एड' झालं. वेम्बलीच्या मैदानात सुमारे ७२ हजार माणसं, वेळ जेमतेम वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग अवश्य बघा, मी जास्त सांगत नाही.

१९८७ मध्ये फ्रेडीला एड्स असल्याचं निदान झालं. बँडनं बाहेर शब्द काढला नाही. १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमवर पहिल्यांदा सगळ्या गाण्यांखाली एकच नाव आलं : क्वीन. ज्यावरून इतकी वर्षं वाद घातले ते त्यांनी एका ओळीत मिटवलं. उभं राहणं कठीण झालं तरी फ्रेडी स्टुडिओत येऊन गात होता. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी गेला. वय ४५. राहिलेल्या तिघांनी त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग जोडून १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' पूर्ण केला. १९९७ नंतर जॉन या जगातून बाजूला झाला. ब्रायन आणि रॉजर पुढे दुसऱ्या गायकांबरोबर क्वीनच्या नावानं वाजवत राहिले. आणि ब्रायननं २००७ मध्ये, साठाव्या वर्षी, अवकाशातल्या धुळीवरची ती पीएचडी पूर्ण केली. बॅकलॉगवाल्यांनो, धीर सोडू नका!

हे सगळं का लिहिलं? मागच्या वर्षी आमचाही चौघांचा ग्रुप होता. दोन गिटार, एक ढोलकी, एक गाणारा. गॅदरिंगच्या आदल्या रात्री अनाउन्समेंटला पहिलं नाव कुणाचं यावरून भांडलो आणि स्टेजवर गेलोच नाही. ढोलकीवाला अजून माझ्याशी बोलत नाही. पहिलं नाव माझं हवं असं म्हणणारा मीच होतो.

यंदाचा फॉर्म मी आणून ठेवलाय. नावाच्या रकान्यात फक्त ग्रुपचं नाव लिहिलंय. ढोलकीवाल्या, हे वाचलंस तर रूमवर ये. चहा माझ्याकडे.