भोंग्याला रोही का भीत नाहीत?

शिवारातले शेजारी : भाग 6

मराठवाड्यातल्या सेनगाव तालुक्यात सोयाबीन शेंगेवर आलं की रात्री जागल सुरू होते. एका धुऱ्यावर फटाके फुटतात, दुसऱ्यावर पत्र्याचा डबा वाजतो, तिसऱ्या शेतात बॅटरीवरचा भोंगा कुत्र्याचं भुंकणं आणि वाघाची डरकाळी आळीपाळीने ऐकवत राहतो. जागलीला जाणाऱ्या कुणालाही विचारा. सुरुवातीला रोही (नीलगाई) आणि रानडुकरं बिचकतात, मग भोंग्याशेजारीच चरू लागतात.

यात जनावराचा निर्ढावलेपणा नाही, हिशेब आहे. दरवेळी पळायचं तर चरणं सुटतं, अंगातली ताकद जाते. आवाजामागून कुत्रा, बॅटरीचा झोत किंवा माणूस येत नसेल, तर तो आवाज वाऱ्याइतकाच निरुपद्रवी ठरतो.

मग माणसाच्या आवाजाची भीती उरलीच नाही का? उरली आहे, आणि चांगलीच. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या पाणवठ्यांवर जीवशास्त्रज्ञ लियाना झॅनेट यांच्या चमूने ध्वनिक्षेपक लावले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसांच्या साध्या बोलण्याने जनावरं पळण्याची शक्यता दुप्पट निघाली. तिथे माणूस शिकारी म्हणून ओळखीचा आहे. रोह्याने तर मराठवाड्यात वाघ ऐकलेलाच नसतो; त्याला डरकाळी ऐकवून काय होणार!

म्हणजे ज्याला हाकलायचं तो सरावतो. ज्यांच्याशी आपलं भांडण नाही, त्यांचं मात्र नुकसान होतं. गव्हाणी घुबड काळ्याकुट्ट अंधारात निव्वळ कानांच्या भरवशावर उंदीर पकडतं. जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हे प्रयोगाने दाखवून दिलं, त्याला अर्धशतक उलटलं. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुसऱ्या जातीच्या छोट्या घुबडांना वायुउपशाच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकवला. आवाज वाढला तशी शिकार हुकू लागली. हे घुबडाला सरावाने जमण्यासारखं नाही, कारण उंदराची खुसफूस त्या आवाजाखाली दबूनच जाते. भोवतालचा आवाज 3 डेसिबलने वाढला, तरी ऐकू येण्याचं क्षेत्र निम्म्यावर येतं. रात्रभर भोंगा लावणारा शेतकरी स्वतःच्या उंदीरमाऱ्याला बहिरा करतो, असंच मला म्हणावंसं वाटतं.

अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात बॉइसी शहराजवळ तर रस्ता नसलेल्या रानात नुसता वाहनांचा आवाज वाजवला. ना गाडी, ना धूर, तरी स्थलांतरात तिथे थांबणाऱ्या पक्ष्यांची संख्या पाव हिश्श्याहून अधिक घटली.

आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. त्यात औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चार विभाग आहेत. शेत किंवा रान हा विभागच नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर प्राण्यांसाठी उन्नत मार्ग बांधून आवाज व प्रकाश अडवणाऱ्या भिंती उभारल्या, पण तिथे वाघ होता. सेनगावच्या माळावरच्या घुबडासाठी कोण भिंत बांधणार?

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका रात्रीत पीक तुडवलं जातं, हे खरं आहे. पण भोंगा लावायचाच असेल तर अखंड वाजवू नका. त्याची जागा आणि वेळ बदलत राहा, अधूनमधून बॅटरी घेऊन स्वतः फेरी मारा. भीती बसते ती त्या फेरीने. पीव्हीसी पाइपमध्ये कार्बाइड घालून बार काढणं मात्र आजच थांबवा, त्यात डोळे जातात. पुढच्या भागात सौर कुंपणाविषयी.