कपाळ गार, पण आत आग!

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी वीटभट्टीवरील एका मजुराला टेम्पोतून माझ्या दवाखान्यात आणले. काम करता करता तो कोसळला होता. सोबत्यांनी वाटेत त्याच्या अंगावर ओले पोते टाकले होते. "डॉक्टरसाहेब, ताप उतरलाय, अंग गार लागतंय," असे त्याची बायको सांगत होती. काखेत थर्मामीटर लावला तर ९९.८ अंश फॅरनहाइट. पण रुग्ण असंबद्ध बडबडत होता आणि नाडी फार जलद चालली होती. शंका आली म्हणून गुदद्वारातून तापमान घेतले. ते १०६ अंश निघाले! हा उष्माघात होता.

असा फरक का पडतो? आपल्या शरीराची दोन तापमाने असतात. एक कातडीचे, दुसरे मेंदू, हृदय, यकृत या आतल्या अवयवांचे. निरोगी माणसात काखेतले तापमान आतल्यापेक्षा साधारण एक-दोन अंशांनीच कमी असते. पण रक्तदाब घसरला की शरीर कातडीचा रक्तपुरवठा कमी करून आतल्या अवयवांना रक्त पुरवते. हातपाय गार पडतात. घाम किंवा ओले कापड यांनीही कातडी थंड होते. अशा वेळी कपाळावरचा हात फसतो, काखेतला थर्मामीटर फसतो आणि कोविडच्या साथीत सर्वांनी पाहिलेले कपाळासमोर धरायचे यंत्रही फसते. म्हणून अत्यवस्थ रुग्णाचे तापमान रुग्णालयात गुदद्वार, अन्ननलिका किंवा मूत्राशयातून मोजतात.

आतले तापमान १०४ च्या वर आणि शुद्ध हरपलेली, म्हणजे उष्माघात समजावा. यात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. त्या मजुराचे कपडे काढून आम्ही अंगावर पाणी ओतत राहिलो, पंखा लावला, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवला आणि तसेच भिजवत त्याला रुग्णालयात पाठवले. तो वाचला.

दुसरी आठवण मात्र बोचणारी आहे. सत्तरीच्या एका आजोबांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. ते गुंगीत होते, धाप लागली होती. पण "ताप नाही" म्हणून घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली. माझ्याकडे आणले तेव्हा आतले तापमान ९५ च्या खाली होते. रुग्णालयात नेऊनही ते वाचले नाहीत. वृद्धांत गंभीर जंतुसंसर्गात ताप येण्याऐवजी अंग थंड पडू शकते, आणि ते तापापेक्षाही वाईट लक्षण असते.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात थर्मामीटर घालू नये. काख कोरडी करून, दंड अंगाशी घट्ट धरून तापमान घ्यावे. आकडा व वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावी. गुदद्वारातून तापमान घेण्याचा प्रयोग घरी करू नये. रुग्ण बरळत असेल, धाप लागली असेल, लघवी कमी झाली असेल, तर थर्मामीटर काहीही सांगो, १०८ ला फोन करावा.

आकडा बरा आहे म्हणून रुग्ण बरा आहे असे समजू नये. आधी रुग्णाकडे पाहावे, मग थर्मामीटरकडे.