बाटलीवरचे नाव : रसायने, कारखाने आणि आपण



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथी डॉक्टरने रसायनांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय ठरला तेव्हा माझ्या घरीही हशा पिकला. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस टँकरभर अॅसिडवर काय बोलणार, असे विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. मी केमिकल इंजिनिअर नाही. पण कारखान्याच्या गावात आयुष्यभर दवाखाना चालवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली, आणि तीच आज आपल्यापुढे ठेवायची आहे. रसायनाने होणारा अपाय अनेकदा ते रसायन कोणते आहे हे वेळेवर न कळल्यामुळे वाढतो.

एक साधी घटना सांगतो. दिवाळीच्या साफसफाईचे दिवस होते. संध्याकाळी एका बाईंना त्यांचे यजमान दवाखान्यात घेऊन आले. डोळे लाल, खोकल्याची उबळ थांबत नव्हती, छातीत आवळल्यासारखे होत होते. बाथरूम घासता घासता हे झाले म्हणाले. काय वापरले, असे विचारले तर कोणालाच नीट सांगता येईना. यजमान घरी धावत गेले आणि दोन वस्तू घेऊन आले. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत पिवळसर पाणी आणि एका डब्यात पांढरी भुकटी. दोन्हींवर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. भुकटी वासावरून ब्लीचिंग पावडर निघाली, पाणी म्हणजे हातगाडीवरून घेतलेले सुटे अॅसिड. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो बाईंच्या छातीत गेला होता. हे काम माझ्या गोळ्यांचे नव्हते. त्यांना मोकळ्या हवेत बसवले आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवले. त्या बऱ्या झाल्या. पण बाटलीत काय आहे हे शोधण्यात गेलेली ती दहा मिनिटे मी विसरलेलो नाही.

आता याच क्लोरीनने आपल्या नळाचे पाणी शुद्ध होते. मग क्लोरीन चांगला की वाईट? असा प्रश्न विचारला की उत्तर चुकतेच. पदार्थाची घातकता हा त्याचा स्वभाव आहे, तो आपण बदलू शकत नाही. जोखीम मात्र माणसाच्या हातात असते. पदार्थ किती आहे, कुठे ठेवला आहे, कशाच्या शेजारी ठेवला आहे, कोण हाताळतो आणि त्याला काय माहीत आहे, यावर ती ठरते. मात्रेविषयी आमच्या पॅथीचे आणि इतरांचे मतभेद जगजाहीर आहेत, पण मात्रा महत्त्वाची आहे याविषयी कोणाचेच दुमत नाही. कारखानदाराची जबाबदारी म्हणजे हीच जोखीम सांभाळणे, आणि ती आपल्या फाटकाच्या आत जशी सांभाळायची तशीच फाटकाबाहेरही.

हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. आपले गावच कारखान्याच्या नावाने वसले आहे. १९४७ साली नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स ही खाजगी कंपनी स्थापन झाली. १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने ती ताब्यात घेतली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. वर्तमानपत्राचा कागद करणारा हा देशातला पहिला कारखाना. सुरुवातीला सालईचे लाकूड आणि बांबू हा कच्चा माल होता, पुढे रद्दी कागदापासून लगदा करण्याकडे वळावे लागले. काही वर्षे बंद राहिल्यावर नूतनीकरण होऊन ऑगस्ट २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, तो दिवस इथल्या कुटुंबांना आठवत असेल. आपण साहित्यप्रेमी मंडळी कागदावर जगतो. तो कागद रसायनांशिवाय होत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

लाकडात तंतू असतात आणि त्यांना चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकूड नुसते दळून लगदा केला तर लिग्निन त्यातच राहतो. उन्हात ठेवलेले वर्तमानपत्र पिवळे पडते ते यामुळेच. लिग्निन काढायचा तर कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडसारख्या रसायनांत लाकडाचे तुकडे शिजवावे लागतात. मग कागद पांढरा करायला विरंजक लागतो. रद्दीपासून कागद करताना जुनी शाई सुटावी म्हणून कॉस्टिक, सोडियम सिलिकेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबणाच्या जातीचे पदार्थ वापरतात. लगद्यातून हवेचे बुडबुडे सोडतात, शाई फेसाबरोबर वर येते आणि काढून घेतात. ताकावर लोणी यावे तसे.

यातला प्रत्येक पदार्थ उपयोगी आहे आणि प्रत्येकाचा काही ना काही स्वभावदोष आहे. जबाबदार कारखाना तो कसा सांभाळतो? जगभर यासाठी काही पायऱ्या मानल्या जातात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी, घातक पदार्थ टाळता येतो का ते पाहणे, किंवा त्याच्या जागी कमी घातक पदार्थ आणणे. कागद उद्योगात पूर्वी लगदा पांढरा करायला सर्रास क्लोरीन वायू वापरत. तो लिग्निनशी संयोग पावून असे क्लोरीनयुक्त पदार्थ तयार करतो की जे पाण्यात सहजी नष्ट होत नाहीत. त्यांत डायॉक्सिनही होते. १९८० नंतरच्या काळात हे नीट लक्षात आले आणि उद्योग क्लोरीन डायॉक्साइड व पेरॉक्साइडकडे वळला. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पर्याय म्हणजे निर्धोक असे नव्हे. क्लोरीन डायॉक्साइड स्फोटक असल्यामुळे लांबून आणता येत नाही, कारखान्यातच तयार करून लगेच वापरावा लागतो. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतात, पण त्यात लोखंडाचा गंज पडला तर तो झपाट्याने फुटू लागतो आणि टाकीला वाफ सोडायची वाट नसेल तर टाकीच फुटते. म्हणून त्याच्या टाकीचा धातू आणि झाकणही विचार करून निवडावे लागते.

दुसरी पायरी, साठा कमी ठेवणे. जे नाही ते गळत नाही. तिसरी पायरी, पदार्थ बंद यंत्रात ठेवणे, हवा खेळती ठेवणे, अॅसिड आणि ब्लीच यांसारख्या वैरी पदार्थांना वेगळ्या खोल्यांत ठेवणे. चौथी पायरी, कामाची शिस्त. लगद्याच्या किंवा सांडपाण्याच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे वाटून माणूस आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून हवा तपासल्याशिवाय, लेखी परवाना आणि बाहेर उभा असलेला सोबती असल्याशिवाय कोणी टाकीत उतरायचे नाही. मास्क, गॉगल आणि हातमोजे ही शेवटची पायरी. वरच्या पायऱ्या गाळून कामगाराला नुसते हातमोजे देणारा मालक आपली जबाबदारी कामगाराच्या गळ्यात घालतो.

आमच्या जैन घरांत साधूंच्या पाच समित्या सांगतात. त्यांतली एक आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून. दुसरी उत्सर्ग समिती, टाकून द्यायचे तेही जीवाला इजा न होईल असे. मला तर कारखान्याच्या सुरक्षेचे हे दोन शब्दच पुरेसे वाटतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्या पायऱ्या असूनही अपघात होतो, तेव्हा काय वाचवते? माहिती. आणि ती नसली तर काय होते हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला कीटकनाशकाच्या कारखान्यातल्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारे यंत्र महिन्यांपूर्वीच बंद होते, वायू जाळणारी चिमणी दुरुस्तीसाठी तोडलेली होती. तेव्हा मी विद्यार्थी होतो. पुढे डॉक्टर झाल्यावर त्या रात्रीविषयी वाचताना अंगावर काटा आला तो एका वेगळ्याच गोष्टीने. हमीदिया रुग्णालयात हजारोंच्या संख्येने रुग्ण येत होते आणि समोरच्या डॉक्टरांना नेमका कोणता वायू आहे, तो शरीरात काय करतो, हे ठाऊक नव्हते. लोकांनाही काहीच सांगितलेले नव्हते. ओले फडके तोंडावर घ्यावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढी दोन वाक्ये वस्तीतल्या लोकांना आधी माहीत असती तर कितीतरी जीव वाचले असते.

त्या रात्रीनंतर कायदे बदलले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन घातक पदार्थांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत, मोठा साठा असलेल्या कारखान्याने आपली आपत्कालीन योजना करावी, तिची मॉक ड्रिल घ्यावी आणि फाटकाबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाने करावी, असे ठरले. कॅनडातल्या रसायन उद्योगाने १९८५ मध्ये स्वतःहून एक आचारसंहिता घालून घेतली, ती पुढे अनेक देशांत पसरली आणि आपल्याकडे इंडियन केमिकल कौन्सिलने ती उचलली.

या सर्वांत मला डॉक्टर म्हणून जवळचा वाटतो तो एक कागद. त्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. आपल्याकडे सोळा संस्कार तशी त्याची सोळा कलमे. पदार्थाचे नाव, घटक, प्रथमोपचार, आग लागली तर काय करावे, सांडला तर काय करावे, कशाजवळ ठेवू नये, शरीरावर परिणाम काय, विल्हेवाट कशी लावावी, सारे ठरलेल्या क्रमाने. रसायन विकणाऱ्याने हा कागद घेणाऱ्याला द्यायचा असतो. पण तो बहुधा इंग्रजीत असतो आणि बहुधा ऑफिसच्या कपाटात असतो. रात्रपाळीचा कामगार मराठी, हिंदी, निमाडी किंवा कोरकू बोलणारा. त्याला न वाचता येणारा कागद असून नसल्यासारखाच. इथे आपल्यासारख्या भाषेच्या माणसांचे काम सुरू होते. धोक्याची सूचना सोप्या बोलीत लिहिणे हे कवितेइतकेच भाषेचे काम आहे असे मी मानतो.

भाषा न येणाऱ्यालाही कळावे याचा एक चांगला नमुना आपल्या शेतात आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. केळीच्या बागा करणाऱ्या आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचे प्राण गेले. अशा वेळी दोन-तीन औषधे एकत्र केलेली असली की नेमके विष ओळखणे डॉक्टरांना किती कठीण जाते, हे मी समजू शकतो. उत्पादकाने डब्यावर चिकटवलेला कागद शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत पोचायचा तर शिकवणारा माणूसही लागतो. हीच गोष्ट लहान कारखान्यांची. मोठ्या मिलमध्ये सुरक्षा अधिकारी असतो. कापड रंगवणाऱ्या छोट्या जागेत हायड्रो नावाची पावडर उघड्या पोत्यात ठेवलेली आढळू शकते. तिला थोडीशी ओल लागली तरी ती तापून पेट घेते, हे पोते उचलणाऱ्या पोराला कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

आणि शेवट? तोही सोडून चालत नाही. भोपाळच्या त्या कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला आणि त्याच वर्षी जाळला. मधे ४० वर्षे गेली. माल करणारी एक पिढी संपली, कचरा मात्र दुसऱ्या पिढीच्या दारात उभा राहिला. पिथमपूरच्या लोकांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्या भीतीला हसणे मला जमले नाही. कचरा कुठे जाणार हे माल करण्याआधी ठरवायचे असते, हे आपल्याला केवढ्या किमतीला कळले.

आपण काय करावे? कारखान्यांना शिव्या देऊ नयेत, या गावाला तर ते शोभणारच नाही. आपल्या घरांतल्या चुली त्या भोंग्यावर पेटल्या आहेत. पण आपलेपणाने तीन प्रश्न विचारावेत. आमच्या शेजारी कोणता घातक पदार्थ किती साठवला आहे? तो सुटला तर भोंगा कसा वाजेल आणि आम्ही कुठे जायचे? आणि आमच्या रुग्णालयाला त्याचे नाव व उपचार आधीच कळवले आहेत का? आणि घरी गेल्यावर आज रात्रीच एक काम करावे. बिनानावाच्या बाटल्या बाहेर काढाव्यात, त्यावर आपल्या भाषेत नाव लिहावे, आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर एका कोनाड्यात ठेवू नये.

दवाखान्यात रुग्ण आला की मी आधी नाव विचारतो, मग तक्रार. रसायनांच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा, एवढेच माझे सांगणे.